क्रोशाचे पहिले फूल

आपल्या घरांतून क्रोशा कधी पुरता गेला नाही, त्याची फक्त जागा बदलत राहिली. एकेकाळी तो रेडिओवर होता, मग टीव्हीवर आला. टीव्ही भिंतीला चिकटला आणि रुमाल ठेवायला त्याला माथाच उरला नाही, तेव्हा ते रुमाल ट्रंकेत गेले. पण जुजदानाची किनार, रिहलवर अंथरायचा रुमाल, शेजारी शिरखुर्मा पाठवताना वाडग्यावर टाकायचा ख्वानपोश, ओढणीची लेस आणि घरातल्या पुरुषांच्या डोक्यावरची पांढरी जाळीची टोपी या वस्तू अजून वापरात आहेत. फरक इतकाच की पूर्वी त्या दादी-नानीच्या हातच्या असत, आता बहुतेक बाजारातून येतात.

शिकायचे ठरवणाऱ्या मुली बहुतेक एकाच ठिकाणी अडतात. लांब साखळी घालतात, चौकोनी रुमालाला सुरुवात करतात, आणि तिसऱ्या दिवशी पाहतात तर रुमाल वर निमुळता होत गेलेला असतो. ओळीच्या शेवटचा टाका नवख्या डोळ्याला दिसत नाही, तो दर ओळीला सुटतो, आणि दोन्ही कडा आत ओढल्या जातात. मग 'माझ्या हाताला हे जमत नाही' असे म्हणून सुई खणात जाते. आमचे मत असे की पहिली वस्तू चौकोनी नकोच. गोल फूल घ्यावे. गोलाला कडा नसतात, शेवटचा टाका पहिल्याला येऊन मिळतो, आणि काम एका बैठकीत पुरे होते. पूर्ण झालेली पहिली वस्तू हातात असणे ही शिकणाऱ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

म्हणून यावेळी आम्ही एकच फूल घेतले आहे. सहा पाकळ्यांचे, तीन फेऱ्यांचे. त्यात चारच टाके आहेत.

सामान थोडे लागते. दोरा चार पदरी, सुती, गुळगुळीत आणि फिकट रंगाचा घ्या. पांढरा, बदामी, फिकट पिस्ता, काहीही चालेल. काळा किंवा गडद निळा पहिल्या कामाला घेऊ नका, रात्रीच्या दिव्याखाली त्यातले टाके दिसत नाहीत. केसाळ लोकरही नको. ती दिसायला छान, पण चुकलेले उसवता येत नाही, आणि पहिल्या आठवड्यात विणण्याइतकेच उसवावे लागते. सुई अडीच मिलिमीटरची. दोऱ्याच्या गुंडीवरच्या कागदावर कोणती सुई योग्य ते बहुधा छापलेले असते, ते पाहून घ्यावे. शिवाय एक कात्री, एक सेफ्टी पिन आणि दोऱ्याची शेवटे लपवायला बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई. क्रोशाच्या सुयांचा बारा नगांचा डबा आणण्याची आता काही गरज नाही.

आता नावांचा घोळ आधीच मिटवून टाकू. मोबाईलवर चित्रफिती पाहून शिकणाऱ्या मुलींची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. अमेरिकेत ज्या टाक्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकेचा डबल क्रोशे म्हणजे ब्रिटनचा ट्रेबल. आपल्याकडच्या जुन्या विणकामाच्या पुस्तकांवर ब्रिटिश पद्धतीचा प्रभाव, आणि आजच्या चित्रफिती बऱ्याचशा अमेरिकी पद्धतीच्या. अम्मीच्या पुस्तकातला 'डबल' आणि मोबाईलवरचा 'डबल' हे दोन वेगळे टाके आहेत. एका ठिकाणचा आकडा आणि दुसऱ्या ठिकाणचा टाका घेतला तर फुलाची वाटी तरी होते, नाहीतर झालर. मराठी नावे त्यापेक्षा बरी, कारण ती टाक्याचे रूपच सांगतात. साखळी साखळीसारखी दिसते आणि खांब खांबासारखा उभा राहतो. गावोगावी या नावांतही थोडा फरक आहे, म्हणून आम्ही कोणता शब्द कशासाठी वापरतो ते सांगतो.

सुईवर दोऱ्याचे जे घर असते त्याला आम्ही फास म्हणू, आणि सुईवर दोरा एकदा फिरवून घेण्याला वेढा. सुरुवात सरकगाठीने होते. ती सुईवर अडकवली की तो पहिला फास. साखळी म्हणजे वेढा घ्यायचा आणि तो फासातून ओढून काढायचा. जोडटाका म्हणजे सुई एखाद्या टाक्यात घालायची, वेढा घ्यायचा आणि तो टाका व सुईवरचा फास या दोन्हींतून एकदम ओढून काढायचा. याला काहीजणी मुका टाका म्हणतात, पण पुढच्या नावाशी गल्लत नको म्हणून आम्ही जोडटाका म्हणतो. मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून वेढा ओढून आणायचा, सुईवर दोन फास होतात, मग पुन्हा वेढा घेऊन तो दोन्ही फासांतून काढायचा. खांबाला आधी एक वेढा घेऊन ठेवायचा, मग सुई टाक्यात घालायची, वेढा ओढून आणायचा. आता सुईवर तीन फास असतात. वेढा घेऊन पहिल्या दोनांतून काढा, दोन उरतात. पुन्हा वेढा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा. मुका खांब बुटका, खांब त्याच्या जवळपास दुप्पट उंच. ही उंची लक्षात ठेवा, पुढे हिशेबाला लागणार आहे.

हात कसा धरायचा यावर फार वाद घालू नये. सुई पेनासारखी धरा किंवा सुरीसारखी, दोन्ही बरोबर आहे. महत्त्वाचा आहे दुसरा हात. दोरा करंगळीभोवती एकदा फिरवून तर्जनीवरून आणला की तो एकसारखा सुटत राहतो. डावखुऱ्या मुलीने सुई डाव्या हातात धरावी आणि सगळे आरशात पाहिल्यासारखे उलट करावे. तिच्या हातातली सुई उजवीकडे देण्याचा अट्टाहास घरातल्या मोठ्यांनी करू नये. पहिले दोन दिवस फक्त साखळी घाला. हातभर लांब साखळी घालायची, उसवायची, पुन्हा घालायची. साखळीचे प्रत्येक घर सारखे दिसू लागले आणि त्यात सुई सहज शिरू लागली की पुढे जायला हरकत नाही. जवळजवळ प्रत्येक नवशिकी साखळी फार घट्ट घालते. तिला 'सैल घाल' म्हणून काही होत नाही. पहिल्या साखळीपुरती एक आकार मोठी सुई हातात द्या, काम सोपे होते.

आता फूल. सरकगाठीपुढे ६ साखळ्या घाला. पहिल्या साखळीत सुई घालून जोडटाक्याने जोडा, छोटी कडी तयार होईल.

पहिली फेरी अशी. ३ साखळ्या घाला. या तीन मिळून एक खांब धरायचा, कारण खांब एकदम उंचीवर सुरू करता येत नाही, तिथपर्यंत चढायला ही शिडी लागते. आता कडीच्या पोकळीत सुई घालून ११ खांब घाला. साखळीच्या घरात सुई शोधत बसू नका, सरळ मधल्या भोकातून विणायचे. सुरुवातीच्या तीन साखळ्या धरून १२ खांब झाले. शेवटी जोडटाक्याने त्या तीन साखळ्यांपैकी सर्वात वरच्या साखळीला जोडा. दोऱ्याचे सुरुवातीचे शेपूट कडीला धरून त्याच्यावरूनच खांब घालत गेलात तर ते आपोआप लपते.

दुसऱ्या फेरीत ४ साखळ्या घाला. यातल्या तीन खांबाच्या, चौथी मधल्या मोकळ्या जागेची. मग पुढच्या खांबाच्या माथ्यावर १ खांब, १ साखळी. त्याच्या पुढच्यावर १ खांब, १ साखळी. असे करत सगळीकडे फिरा. खांबाचा माथा वरून पाहिला तर इंग्रजी व्हीसारखा दिसतो, त्या व्हीच्या दोन्ही धाग्यांखालून सुई गेली पाहिजे. शेवटी सुरुवातीच्या चार साखळ्यांपैकी तिसरीला जोडटाक्याने जोडा. आता १२ खांब आणि त्यांच्यामध्ये १२ छोट्या खिडक्या दिसतील. इथे थांबून मोजाच. अकरा भरल्या तर बहुधा सुरुवातीच्या साखळ्यांच्या शेजारचा खांब सुटला आहे. तेरा भरल्या तर त्या साखळ्यांच्याच माथ्यावर आणखी एक खांब पडला आहे. फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवलीत तर हा प्रश्न येत नाही.

तिसरी फेरी पाकळ्यांची. लगतच्या खिडकीत जोडटाक्याने सरका, १ साखळी घाला आणि त्याच खिडकीत १ मुका खांब. पुढच्या खिडकीत ५ खांब, ही पहिली पाकळी. त्याच्या पुढच्या खिडकीत पुन्हा १ मुका खांब, मग पुढच्या खिडकीत ५ खांब. एकीत एक, एकीत पाच, असे बारा खिडक्या संपेपर्यंत. सहा पाकळ्या होतील. शेवटी पहिल्या मुक्या खांबाला जोडटाका द्या, वीतभर दोरा ठेवून कापा, तो फासातून ओढून घट्ट करा आणि बोथट सुईने मागच्या बाजूने टाक्यांत फिरवून लपवा. एका दिशेने नेऊन मग उलट दिशेने परत आणा, नाहीतर पहिल्याच धुण्यात शेपूट बाहेर येते.

चार पदरी दोरा आणि अडीचची सुई असेल तर हे फूल साधारण ६ ते ७ सेंटिमीटरचे होते. बारीक दोऱ्यावर, बारीक सुईने तेच फूल निम्मे होईल. आकडे बदलत नाहीत.

आकडे का बदलत नाहीत, हे समजून घेतले तर पुढे कुणाच्या नमुन्यावर अडून राहावे लागत नाही. पहिल्या फेरीत १२ टाके, दुसऱ्या फेरीत खांब आणि साखळ्या मिळून २४, तिसऱ्या फेरीत पाकळ्यांचे ३० खांब आणि ६ मुके खांब मिळून ३६. दर फेरीला बाराची भर. हा बाराचा आकडा कुठून आला? शाळेतला परिघाचा नियम आठवा. गोलाची त्रिज्या जितकी वाढते त्याच्या सव्वासहा पट त्याचा परीघ वाढतो. एक फेरी म्हणजे त्रिज्येत एका खांबाच्या उंचीची वाढ. खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या सुमारे दुप्पट असते. म्हणजे बाहेरच्या कडेला सव्वासहाच्या दुप्पट, सुमारे बारा टाक्यांची जागा नव्याने तयार होते, आणि ती भरावी लागते. कमी भरली तर कड आत ओढली जाते आणि फुलाची वाटी होते. जास्त भरली तर कडेला जागा पुरत नाही आणि झालर पडते. मुका खांब जवळजवळ जितका रुंद तितकाच उंच, म्हणून नुसत्या मुक्या खांबांचा गोल विणताना दर फेरीला सहाचीच भर लागते. गणितात नापास होणाऱ्या कितीतरी बायकांनी हा नियम आयुष्यभर हाताने पाळला आहे.

तेव्हा फूल टेबलावर सपाट बसले नाही तर आधी मोजा. आकडे बरोबर असूनही वाटी होत असेल तर हात घट्ट आहे, पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठी सुई घ्या. आकडे बरोबर असून झालर पडत असेल तर सुई लहान करा. हात सुधारण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा सुई बदलणे केव्हाही सोपे.

एवढे छोटे फूल विणून करायचे काय, हा प्रश्न येणारच. या कामाची खरी सोय त्याच्या छोटेपणातच आहे. मोठी शाल विणायची तर ती मांडीवर घेऊन बसावी लागते. फूल पर्समध्ये मावते, कुकरची शिटी झाली की बाजूला ठेवता येते, दवाखान्याच्या रांगेत पुरे होते. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्यावर रोग पडून भीषण दुष्काळ आला, तेव्हा कॉर्कसारख्या ठिकाणी जोगिणींच्या मठांतून आणि क्लोन्ससारख्या गावांतून बायकांना क्रोशा शिकवला गेला. तिथे फुले, पाने, कळ्या सुट्या सुट्या विणल्या जात आणि नंतर जाळीने एकत्र जोडल्या जात. एकीने फक्त गुलाब विणायचा, दुसरीने पान, तिसरीने जोडायचे. चुलीपासून न उठता होणारे हे काम होते, आणि त्यावर कितीतरी घरांत अन्न आले. आज 'आयरिश क्रोशा' म्हणून जी लेस जगभर नावाजली जाते तिचा जन्म असा झाला.

आपल्या फुलाला सहा पाकळ्या मुद्दाम ठेवल्या आहेत. एका फुलाभोवती तशीच सहा फुले बरोबर बसतात, मधमाशीच्या पोळ्यासारखी. सात फुलांचा तुकडा पाण्याच्या जगवर झाकायला पुरतो. त्याच्याभोवती आणखी बारा फुले लावली की १९ होतात, आणि सुमारे ३२ सेंटिमीटरचा ख्वानपोश तयार होतो. मोठ्या थाळीसाठी आणखी अठरा, म्हणजे ३७. जोडायची जागा एकच, पाकळीचे टोक, म्हणजे पाच खांबांपैकी तिसरा. शेजारच्या फुलाच्या टोकाला हे टोक सुईदोऱ्याने दोन टाके घालून शिवा. हात बसला की शिवण्याचीही गरज नाही: नव्या फुलाची तिसरी फेरी विणताना पाकळीचा तिसरा खांब झाला की फास सुईवरून सोडा, सुई जुन्या फुलाच्या टोकात घाला, सोडलेला फास पकडून त्यातून ओढून घ्या आणि चौथा खांब नेहमीसारखा घाला. फुले विणता विणताच जोडली जातात. मध्ये जे तिकोनी झरोके राहतात ते भरू नका. हवा खेळते, आणि खालच्या शेवयांची वाफ धरत नाही.

दोरा किती लागेल याचा अंदाज दुकानदाराला विचारू नका. एक फूल विणा, ते पूर्ण उसवा आणि दोरा मोजपट्टीने मोजा. त्याला फुलांच्या संख्येने गुणा, दर फुलामागे दोन वीत शेपटांसाठी धरा. गुंडीवर मीटर छापलेले असतात. रंगीत दोरा एकाच वेळी सगळा घ्या, कारण पुढच्या महिन्यात आलेल्या मालाची छटा जुळेलच असे नाही. गडद आणि पांढरा एकत्र वापरायचा असेल तर गडद दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडावर चोळून पाहा.

विणून झाले की काम अर्धेच झाले असे समजा. हातातून सुटलेले फूल थोडे मळलेले, थोडे वाकडे असते. कोमट साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग तांदळाच्या किंवा साबुदाण्याच्या पातळ पेजेत बुडवून काढा, जुन्या उशीवर किंवा घडी घातलेल्या चादरीवर पसरा आणि प्रत्येक पाकळीचे टोक टाचणीने ताणून लावा. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात, नाहीतर तांबूस डाग कायमचे बसतात. पूर्ण वाळल्याशिवाय काढू नका. या एका रात्रीने कामात जो फरक पडतो तो पाहून विणणारीचाही विश्वास बसत नाही. पेज दिलेली वस्तू पावसाळ्यात तशीच कपाटात ठेवली तर मात्र तिला बुरशी आणि झुरळे दोन्ही लागतात. ठेवणीतली असेल तर खळ काढूनच ठेवावी.

आणि टोपी? ती याच फुलाची बहीण आहे. टोपीचा माथा म्हणजे सपाट गोल. मुक्या खांबांनी विणायची तर ६, १२, १८, २४, आणि खांबांनी विणायची तर १२, २४, ३६, ४८ असे वाढवत जायचे. डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर असेल तर त्याला ३.१४ ने भागा, पावणेअठराच्या आसपास उत्तर येते. विणकाम ताणले जाते, म्हणून गोल १७ सेंटिमीटरचा झाला की वाढ थांबवायची आणि दर फेरीला तेवढेच टाके घालत राहायचे. कड आपोआप खाली वळते. मघाशी जो दोष म्हणून सांगितला, भर कमी पडल्यावर होणारी वाटी, तीच इथे टोपी होते. बांगलादेशातल्या बोगुरा भागात खेड्यापाड्यांतल्या बायका अशा जाळीच्या टोप्या विणतात आणि त्या आखाती देशांपर्यंत जातात. आपल्याकडे टोपी घालणारे पुष्कळ, ती विणणारे थोडे. मुलग्यांनी ही सुई हाती धरायला काय हरकत आहे, असे आम्हाला नेहमी वाटते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दालदी कोळ्यांच्या घरांत जाळी विणणे आणि सांधणे हे पुरुषांचेच काम होते, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटल्याचे ऐकिवात नाही.

आता थोडे पैशांविषयी, कारण हात बसल्यावर पहिली मागणी शेजारूनच येते. 'तू रिकामीच असतेस ना, आम्हालाही एक करून दे.' हे 'रिकामी' फार महाग पडते. शिलाईकामाला यंत्र आहे, विणकामाला यंत्र आहे. क्रोशासारखी दिसणारी लेसही यंत्रावर निघते. पण बाजारात मिळणारा खरा क्रोशा आजही हातानेच विणला जातो. म्हणजे दुकानात जो क्रोशाचा रुमाल फार स्वस्त दिसतो, त्याच्यामागे कुणीतरी इतक्या कमी पैशांत इतके तास बसलेली असते.

हे तास मोजणारी एक बाई होऊन गेली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ. १९६० च्या दशकात त्या पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकवत होत्या. पुढे त्यांनी आंध्र प्रदेशातल्या नरसापूर भागात क्रोशाची लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, त्यावरचे पुस्तक १९८२ मध्ये निघाले. मिशनऱ्यांनी तिथे एकोणिसाव्या शतकात हे काम आणले होते आणि ती लेस परदेशी जात होती. मीस यांना दिसले ते असे: बायका घरकाम सांभाळून रोज कित्येक तास विणत होत्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हते. त्या गृहिणी, फावल्या वेळात काहीतरी करतात, असे समजून नगावर नाममात्र मजुरी मिळे आणि नफा व्यापाऱ्याकडे राही. 'फावला वेळ' या दोन शब्दांनी मजुरी पाडली जात होती. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव राखले जाते. विणणारीच्या हाती तासाला किती पडते हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आपला १९ फुलांचा ख्वानपोशच घ्या. हात बसलेल्या बाईला एका फुलाला पंधरा मिनिटे धरली तर १९ फुलांना पावणेपाच तास. जोडाच्या जागा ४२ येतात. दोन मिनिटांना एक धरला तरी जवळजवळ दीड तास. शेपटे लपवणे, धुणे, खळ देणे, टाचण्या लावणे यांना आणखी पाऊण तास. झाले सात तास. समजा कुणी त्याचे २५० रुपये देऊ केले आणि दोरा ७५ रुपयांचा लागला. उरले १७५. तासाला पंचवीस रुपये.

नात्यात, मैत्रीत, मुलीच्या लग्नात हाताने विणून द्यावे, त्याचा हिशेब कुणी मागू नये. पण विकायचे असेल तेव्हा भाव सांगण्याआधी घड्याळ समोर ठेवून एक फूल विणा, मिनिटे वहीत लिहा, दोऱ्याचा खर्च शेजारी लिहा, आणि गिऱ्हाईक घासाघीस करू लागले तर ते पान त्याच्यापुढे ठेवा. बयाणा आधी घ्या, निदान दोऱ्यापुरता. रंग आणि फुलांची संख्या लिहून घ्या, कारण '१९ च्या ऐवजी ३७ कर ना, एवढ्यातच' असे अर्ध्यात सांगणारे भेटतातच. आणि नमुना म्हणून विणलेले ते पहिले फूल देऊन टाकू नका. पुढच्या वेळी माप घ्यायला तेच लागते.